घर तपासणारीला कोण तपासतं?

पत्र चिंचवडहून आलं आहे. थोडं आवरून इथे देते.

‘मी सिव्हिल डिप्लोमा केलाय. नऊ वर्षं एका बांधकाम कंपनीत क्वालिटीला होते. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. गेल्या दिवाळीत मोठ्या जाऊबाईंना नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायचा होता, तेव्हा त्या मला सोबत घेऊन गेल्या. मी ४३ दोषांची यादी काढली आणि बिल्डरने त्यातले बरेचसे दुरुस्त करून दिले. तेव्हापासून ओळखीतले लोक बोलावतात. आतापर्यंत अकरा घरं पाहिली. आता हा व्यवसाय म्हणून करावा असं मनात आहे. एका खासगी संस्थेचा पाच दिवसांचा वर्ग आहे, फी ४८,००० रुपये, शेवटी “आंतरराष्ट्रीय प्रमाणित गृहनिरीक्षक” असं सर्टिफिकेट मिळतं. यजमान म्हणतात, सर्टिफिकेट नसेल तर कोण विचारणार? सासरे म्हणतात, लायसन्स नसताना असं काम करणं बेकायदा तर नाही ना? एक ओळखीचा एजंट गिऱ्हाइकं द्यायला तयार आहे, पण प्रत्येक फीमधला हिस्सा मागतो. शिवाय लोक थर्मल कॅमेरा आहे का असं विचारतात. तोही घ्यावा का? मला खरंच नीट काम करायचंय. कुठून सुरुवात करू?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. क्वालिटीत नऊ वर्षं काढलेल्या बाईला फिनिशिंगखाली काय झाकलं जातं ते आतून ठाऊक असतं, आणि आता ते डोळे घर घेणाऱ्याच्या बाजूला येताहेत, याचा मला फार आनंद आहे. आयुष्याची कमाई ओतून माणसं घर घेतात आणि ताबा घेताना खिडक्या उघडझाप करून, नळ सोडून बघतात. तेवढीच त्यांची तपासणी. या कामाची गरज आहे. तेव्हा काम जरूर सुरू करा. ४८,००० रुपये मात्र आत्ता भरू नका.

आधी सासऱ्यांची शंका. आपल्याकडे घर घेणाऱ्याच्या वतीने घर पाहून त्याला अहवाल देणं, या कामासाठी वेगळं सरकारी लायसन्स नाही, त्यामुळे तुम्ही करताय ते बेकायदा नाही. पण या उत्तराने मला बरं वाटत नाही. २०२३ साली महारेराने, म्हणजे घरखरेदीच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांना २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. म्हणजे घर दाखवणाऱ्याला आता परीक्षा द्यावी लागते, आणि तेच घर तपासून ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ म्हणणाऱ्याला काहीच लागत नाही. उद्या कोणीही हातात टॉर्च घेऊन, कार्ड छापून गृहनिरीक्षक होऊ शकतो. चांगलं काम करू पाहणाऱ्या तुमच्यासारख्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान आहे, कारण तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. त्या पोकळीतच हे पाच दिवसांचे वर्ग उगवतात.

म्हणून ‘प्रमाणित’ हा शब्द जरा उलगडून बघू. सरकारने कायद्याने दिलेलं लायसन्स वेगळं, व्यवसायातल्या लोकांच्या संघटनेने कस लावून दिलेली मान्यता वेगळी, आणि वर्गाला हजर राहिल्याचा कागद वेगळा. तिन्हींना आपण बोली भाषेत सर्टिफिकेटच म्हणतो. तुम्हाला जो मिळणार आहे तो बहुधा तिसरा आहे.

हे काम जिथे पन्नासएक वर्षांपासून रुळलेलं आहे त्या अमेरिकेकडे बघा. तिथेही देशभर एकच नियम नाही, प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. आपली कितीतरी मराठी कुटुंबं ज्या न्यू जर्सीत राहतात, तिथे १९९८ साली गृहनिरीक्षकांसाठी कायदा झाला. लायसन्स हवं असेल तर १८० तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि त्यातले ४० तास लायसन्स असलेल्या निरीक्षकाच्या नजरेखाली, खऱ्या घरांत, बिनपगारी काढावे लागतात. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये एकूण तास १४०, पण प्रत्यक्ष घरांतले तास तेवढेच, ४०. त्यानंतर परीक्षा. अमेरिकेतली तिसाहून अधिक राज्यं जी राष्ट्रीय परीक्षा मानतात तिच्यात चार तासांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. ती परीक्षा घेणारं मंडळ स्वतंत्र आहे, शिकवणाऱ्या वर्गाचा त्याच्याशी संबंध नाही. न्यू जर्सीत यावर पाच लाख डॉलरचा व्यावसायिक चुकांचा विमाही लागतो, म्हणजे निरीक्षकाच्या नजरचुकीने घरमालक बुडाला तर भरपाईची सोय असते.

संघटनांची मान्यता त्याहून निराळी. १९७६ साली सुरू झालेली अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स आपल्या सभासदाला पूर्ण ‘प्रमाणित निरीक्षक’ म्हणते ते त्याने ही परीक्षा पास केल्यावर आणि पैसे घेऊन २५० घरं तपासल्यावर. अडीचशे! तुमची अकरा झाली आहेत. हे तुम्हाला खच्ची करायला सांगत नाही. जिथे कामाला प्रतिष्ठा आहे तिथे ती कशावर मोजली जाते, ते तुमच्या लक्षात यावं एवढंच. तिथे हिशोब पाहिलेल्या घरांचा आणि नजरेखाली काढलेल्या तासांचा असतो.

आता त्या वर्गाच्या माणसाला फोन करा आणि शांतपणे विचारा. पाच दिवसांपैकी किती तास खऱ्या, लोक राहत असलेल्या घरात जाणार? परीक्षा कोण घेतं, शिकवणारेच की दुसरं कोणी? नापास कोणी होतं का? ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे नेमकी कुठल्या देशातली कुठली संस्था? ते ‘आम्ही आयएसओ सर्टिफाइड आहोत’ म्हणाले, तर कुठला आयएसओ तेही विचारा. ९००१ असेल तर त्याचा संबंध त्या संस्थेच्या कारभाराशी आहे, तुम्हाला भिंतीतली ओल ओळखता येते की नाही याच्याशी नाही. माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी निराळं मानक आहे, आयएसओ/आयईसी १७०२४, आणि शिकवणं व प्रमाणित करणं यांची सरमिसळ होऊन निःपक्षपणा बिघडू नये यावर त्यात कटाक्ष आहे. आपल्या देशात क्वालिटी काउन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतलं एनएबीसीबी हे मंडळ त्या मानकाप्रमाणे संस्थांना मान्यता देतं. त्या वर्गवाल्यांकडे ती आहे का? तुमच्या प्रश्नांनी समोरचा माणूस चिडला तर ४८,००० रुपये वाचले असं समजा.

इंग्लंडमध्ये घडलेली एक गोष्ट या निमित्ताने सांगितली पाहिजे. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने तिथे ठरलं की घर विकणाऱ्याने विक्रीआधीच घराची माहिती देणारा संच तयार करायचा. त्यात घराच्या अवस्थेचा अहवालही सक्तीचा होणार होता आणि तो देण्यासाठी ‘होम इन्स्पेक्टर’ नावाचा नवा पदविकाधारक लागणार होता. अनेकांनी हजारो पौंड भरून ती पदविका करायला घेतली, काहींनी हातातली कामं सोडली. आणि जुलै २००६ मध्ये, योजना लागू होण्याआधीच, सरकारने त्या अहवालाची सक्ती काढून टाकली. बाकीचा संच २००७ मध्ये आला आणि २०१० मध्ये तोही स्थगित झाला. शिकलेल्यांपैकी बरेच जण मग घरांच्या ऊर्जा-मूल्यांकनाच्या कामाकडे वळले. तिथे सरकारचं आश्वासन होतं, तरी ही गत झाली. इथे तर कोणी आश्वासनही दिलेलं नाही. ‘उद्या हे सक्तीचं होणारच आहे, आत्ताच करून ठेवा’ असं वर्गवाले म्हणाले तर ही हकीकत आठवा.

आता मी तुम्हाला काय करायला सांगेन ते.

न्यू जर्सीच्या कायद्यातले ते ४० तास उचला. सरकार मागत नसलं तरी स्वतःसाठी काढा, आणि एकाच माणसाबरोबर काढू नका. काही तास स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची मजबुती बघणाऱ्या इंजिनिअरच्या मागे हिंडा. तुमच्या जुन्या नोकरीतली ओळख इथे कामी येईल. काही तास लायसन्स असलेल्या वायरमनबरोबर, आणि बरेच तास वॉटरप्रूफिंगच्या अनुभवी मिस्त्रीबरोबर. हा शेवटचा माणूस मी मुद्दाम सांगते आहे. घरमालकांच्या तक्रारी मी आयुष्यभर ऐकत आले, त्यात पाण्याची तक्रार पहिली असते. गळणाऱ्या बाथरूममध्ये मिस्त्री जेव्हा टाइल उचलतो, खालचा कोबा काढतो आणि संकन स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, साठलेलं पाणी तुम्हाला दाखवतो, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेची फट दाखवतो, तेव्हा वरून दिसलेला डाग आणि आतलं कारण यांची सांगड डोक्यात बसते. ही सांगड कुठल्याही वर्गात, पडद्यावरच्या फोटोंतून बसत नाही. तुम्ही कंपनीत होतात तेव्हा घर नवं असताना पाहिलंत. पाच पावसाळे काढलेलं तेच घर तुम्ही फारसं पाहिलेलं नसणार. ही तुमची खरी उणीव आहे आणि ती भरून काढण्यासारखी आहे.

परदेशी अभ्यासक्रम स्वस्तात मिळाला तरी डोळे उघडे ठेवून घ्या. अमेरिकन निरीक्षक लाकडी सांगाड्याची घरं तपासतो. डांबरी शिंगलचं छप्पर, तळघर, घर उबदार ठेवणारी भट्टी, शेकोटीचं धुराडं हे त्याचे विषय. आपल्याकडे आरसीसीचा सांगाडा, मध्ये एएसी (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक किंवा विटा, वर पाण्याची टाकी, डक्टमधून उतरणारे पाइप आणि वर्षाचे चार महिने कोसळणारा पाऊस. तेव्हा त्यांचं अर्धं शिक्षण आपल्याला लागूच पडत नाही. पण उरलेलं अर्धं मी सोन्यासारखं मानते. काय बघायचं, कसं बघायचं आणि काय आपल्या कामात बसत नाही, हे त्यांनी आधी लिहून काढलेलं असतं. त्यांच्या कार्यमानकात स्पष्ट म्हटलेलं आहे की ही तपासणी डोळ्यांनी, मोडतोड न करता करायची आहे. निरीक्षक फर्निचर हलवायला बांधील नाही, घराची किंमत सांगायला बांधील नाही, वस्तू अजून किती वर्षं टिकेल हे सांगायलाही नाही. असं एक मानक तुम्ही स्वतःचं, मराठीत, तीन-चार पानांचं लिहा आणि गिऱ्हाइकाला कामाआधी वाचायला द्या.

त्यात प्रत्येक गोष्टीपुढे माप कुठून आलं तेही असावं. ‘भिंत ओळंब्यात नाही’ एवढंच लिहिलं तर बिल्डरचा इंजिनिअर ‘चालतं एवढं’ म्हणून मोकळा होतो. विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस २२१२ सांगतं की एका मजल्यात तीन मीटर उंचीला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. तुम्ही १४ मिलिमीटर मोजलेत, फोटोत ओळंबा आणि पट्टी दोन्ही दिसतात, आणि खाली मानकाचा क्रमांक आहे, की वाद तिथे संपतो. कार्पेट एरियाचंही तेच. रेरा या स्थावर मालमत्तेच्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरली जात नाही. महाराष्ट्रातल्या नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. हे ठाऊक नसताना टेप लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला नसत्या भांडणात ढकलणं.

थर्मल कॅमेऱ्याचं विचारलंत. लोकांना तो हवा असतो कारण त्याचे रंगीत फोटो खात्रीचे वाटतात. पण त्याला ओल दिसत नाही. त्याला पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओली जागा सुकताना गार पडते म्हणून निळी दिसते, आणि एसीच्या झोतासमोरची कोरडी भिंतही तशीच निळी दिसते. चकचकीत टाइल आणि स्टील तर समोरच्याचीच उष्णता परत फेकतात. त्यात तुमचं स्वतःचं प्रतिबिंब ‘दोष’ म्हणून उमटतं. म्हणून कॅमेऱ्याने दाखवलेली जागा मॉइश्चर मीटरने पडताळायची. आणि मीटरचंही तारतम्य हवं. सुयांचे मीटर मुळात लाकडासाठी लावलेले असतात, प्लास्टरवर आलेला आकडा टक्के म्हणून छापायचा नसतो, आणि भिंतीत क्षार असतील तर तो उगाच चढतो. कोरड्या भिंतीचा आकडा आणि संशयित जागेचा आकडा शेजारी शेजारी द्या, तुलना वाचणाऱ्याला करू द्या. थर्मोग्राफीचं शिक्षण घ्यायचं असेल तर ते अविनाशी (वस्तू न मोडता करायच्या) चाचण्यांच्या पद्धतीतलं, लेव्हल एक, लेव्हल दोन अशा पायऱ्यांचं घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर मी ते इथे खर्च करेन. पण पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी ओळंबा, लेव्हल, गुण्या, चांगली टॉर्च, टाइल वाजवून बघायला एक सळी, सॉकेट टेस्टर आणि मॉइश्चर मीटर पुरे. अर्थिंगबाबत सॉकेट टेस्टर वायर जोडलेली आहे का एवढंच सांगतो, अर्थिंग चांगलं आहे का ते सांगत नाही, हे अहवालातही लिहा. आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली तर पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, चाचणीचं बटण दाबून तो पडतो का ते जरूर बघा. पेटीचं झाकण मात्र उघडू नका. ते वायरमनचं काम आहे.

यावरून मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याकडे येते. तुमचं काम कुठे थांबतं?

लवकरच कुठल्यातरी सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हाला विचारतील, ‘मॅडम, आमच्या बिल्डिंगचं ऑडिट पण करून द्या ना.’ नका करू. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. ते पालिकेच्या यादीवरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचं असतं. त्या सहीला कायद्याचं वजन आहे आणि तिच्याखाली माणसं झोपतात. डिप्लोमावर ती सही तुमची नाही, आणि पाच दिवसांच्या वर्गाने ती तुमची होणारही नाही.

तडे तुम्हाला रोज दिसतील, म्हणून थोडं खोलात सांगते. ब्लॉकची भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावर सरळ उभी गेलेली बारीक चीर बहुतेकदा दोन निराळ्या मालांच्या आकसण्याची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा असेल तर रुंदी मोजा, पेन्सिलने टोकाला खूण करून तारीख टाका. आणि बीमच्या पोटाला, सळईच्या रेषेत लांबच लांब गेलेला, कडेला तांबूस डाग असलेला तडा दिसला, तर तिथे थांबा. काय दिसलं, कुठे, किती लांब, किती रुंद एवढं लिहा आणि पुढे लिहा की हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवणं आवश्यक आहे. ‘घर सुरक्षित आहे’ हे तीन शब्द तुमच्या अहवालात कधीही येऊ देऊ नका. ‘धोकादायक आहे’ हेही नको. गिऱ्हाईक आग्रह करेल, काकुळतीला येईल, तरी नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ३० वर्षं पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंट म्हणून काम केल्यावरही एका घरात मी चुकले आहे. मैत्रिणीच्या मुलाने जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं आणि ‘मावशी, एकदा बघून घे’ म्हणाला. मी गेले, तासभर फिरले, बीम-कॉलम बघितले, म्हणाले, ‘घर चांगलं आहे रे.’ बाथरूमला फॉल सीलिंग होतं. त्याच्या वर मी बघितलं नव्हतं, आणि बघितलं नाही हे बोललेही नव्हते. राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात सीलिंगचा एक तुकडा खाली आला. वरच्या मजल्याचा पाइप कित्येक दिवस गळत होता, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडून गंजल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च त्याने केला. मला एका शब्दाने बोलला नाही, आणि ते मला अजून लागतं. मी फी घेतली नव्हती, कागद दिला नव्हता, पण त्याने घर माझ्या शब्दावर घेतलं होतं.

त्यानंतर माझ्या प्रत्येक अहवालाचं दुसरं पान ‘काय पाहिलं नाही’ याचं असे. फॉल सीलिंगच्या वर पाहिलं नाही, उघडायला झरोका नव्हता. वॉर्डरोबमागची भिंत पाहिली नाही, सामान होतं. गच्चीला कुलूप होतं. पाणी चालू नव्हतं म्हणून नळांचा दाब बघता आला नाही. घर एप्रिलमध्ये पाहिलं, पावसाळ्यातली ओल या अहवालात कळणार नाही. हे पान लिहिताना तुम्हाला वाटेल की आपण कमी काम केलं असं गिऱ्हाइकाला वाटेल. पहिल्या काही वेळा वाटतंही. पण ते पान वाचून जो माणूस मालकाकडे गच्चीची किल्ली मागतो, त्याला तुम्ही खरी मदत केलेली असते. अमेरिकेतल्या निरीक्षकालाही मानकाप्रमाणे जे भाग बघता आले नाहीत ते आणि न बघण्याचं कारण लिहावं लागतं. मला ते शहाणपण एका पोराच्या खर्चाने आलं.

आता एजंट. स्पष्ट सांगते, हिस्सा देऊ नका, त्याच्या यादीतही जाऊ नका. व्यवहार झाला तर त्याला दलाली मिळते आणि तुमच्या अहवालाने व्यवहार मोडू शकतो. दोन व्यवहार मोडले की तो तुम्हाला बोलावणं बंद करेल, आणि हे तुम्हाला आधीच ठाऊक असल्यामुळे तिसऱ्या घरात तुमचा हात आपोआप सैल पडेल. वाईट माणसाचंच असं होतं असं समजू नका. कॅलिफोर्नियात निरीक्षकांना लायसन्स लागत नाही, तरीही तिथल्या कायद्यात एक गोष्ट आहे: ज्या घराचा अहवाल दिला त्याच घराची दुरुस्ती निरीक्षकाने पुढचे १२ महिने पैसे घेऊन करायची नाही. लायसन्स नसलं तरी चालेल, पण दोष दाखवण्यात आणि दोष असण्यात निरीक्षकाचा फायदा नको, इतकं त्यांना ते महत्त्वाचं वाटलं. तुम्हीही हा नियम घ्या. ज्या वॉटरप्रूफिंगवाल्याकडून शिकाल त्याचं नाव गिऱ्हाइकाला सुचवून त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि तुमच्या जुन्या कंपनीच्या प्रकल्पातलं घर आलं तर नाही म्हणा, निदान पहिली काही वर्षं. दोष कमी काढले तर मिंधी म्हणतील आणि जास्त काढले तर राग काढला म्हणतील.

अहवाल पुढे कुठे जातो तेही डोळ्यांसमोर ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सुविधांचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुमचं गिऱ्हाईक तोच अहवाल जोडून पत्र पाठवणार आहे. तेव्हा तारीख, खोली, भिंतीची दिशा, माप, फोटो, सगळं इतकं नेमकं हवं की तिथे नसलेल्या माणसालाही दोष सापडावा. तुमच्या ४३ दोषांपैकी ‘बरेचसे’ दुरुस्त झाले, असं तुम्ही लिहिलंत. जे झाले नाहीत ते का झाले नाहीत? माझा अंदाज आहे की त्यातल्या काहींचं वर्णन मोघम होतं.

यजमानांना सांगा की त्यांचा प्रश्न रास्त आहे, लोक कागद विचारतातच. त्यांना दाखवायला तुमच्याकडे डिप्लोमा आहे, नऊ वर्षांचा अनुभवाचा दाखला आहे, स्वतः लिहिलेलं कार्यमानक आहे, आणि नावं-पत्ते झाकलेला एक नमुना अहवाल आहे. शक्य झालं तर व्यावसायिक विमाही घ्या, आपल्याकडे प्रोफेशनल इंडेम्निटी नावाने मिळतो. काढताना घरतपासणीचं काम त्यात बसतं का ते लिहून घ्या. कार्डावर ‘प्रमाणित’ लिहू नका. ‘सिव्हिल डिप्लोमा, घरतपासणी’ एवढं लिहा. कोणी विचारलं की सर्टिफिकेट कुठलं, तर खरं सांगा: आपल्याकडे या कामाचं सरकारी लायसन्स नाही, मी काय बघते आणि काय बघत नाही ते या तीन पानांत आहे. मुलगी लहान आहे, तेव्हा महिन्याला दोन-तीनच घरं घ्या, पण प्रत्येक घराला अर्धा दिवस द्या.

आणि एक काम या पावसाळ्यातच करा. जाऊबाईंच्या फ्लॅटवर ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर जा. जुनी ४३ ची यादी सोबत न्या. आधी पश्चिमेची भिंत बघा, खिडक्यांच्या खालचे कोपरे, मग बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचा तळ. दिवाळीत कोरडं दिसलेलं काय काय आता ओलं आहे ते त्याच यादीखाली वेगळ्या शाईने लिहा. मग तो कागद माझ्याकडे पाठवा. मला खरंच बघायचा आहे.